ताकदीची गोळी

सुनंदाबाईंच्या डाव्या पायातली चप्पल नंदनवन वस्तीच्या भाजीबाजारात एका मंगळवारी सकाळी गळून पडली आणि त्यांना ते कळले नाही. त्या वीस-पंचवीस पावले तशाच पुढे गेल्या. मागून कांदेवाल्याने हाक मारली तेव्हा त्यांनी खाली पाहिले. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन त्यांना सात वर्षे चार महिने झाले होते.

ही घटना मला तीन दिवसांनी फोनवर कळली. फोन करणे हेच माझे काम होते.

नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात स्थूलपणावरच्या शस्त्रक्रिया होतात. शस्त्रक्रिया झालेल्यांना पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, नंतर दर सहा महिन्यांनी फोन करायचा, ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तरे नोंदवायची आणि काही वावगे वाटले तर डॉक्टरांपुढे ठेवायचे, असे या कामाचे स्वरूप होते. पदाचे नाव इंग्रजीत लांबलचक होते. रुग्ण मला ‘फोनवाल्या मॅडम’ म्हणत. हे काम मी अकरा वर्षे केले. त्याआधी एकोणीस वर्षे एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. पाने कमी झाली, डेस्कवरची माणसे कमी झाली, तेव्हा मी इकडे आले. मुलाखतीत डॉक्टरांनी विचारले, "वैद्यकीय अनुभव?" मी म्हणाले, "नाही. पण लोक फोनवर जे सांगतात आणि प्रत्यक्षात जे घडलेले असते, त्यातला फरक ओळखायची सवय आहे." त्या उत्तरावर मला घेतले. ते उत्तर कितपत खरे होते ते पुढे येईलच.

या लेखातली नावे बदलली आहेत. बाकी काही बदललेले नाही.

बाहेरच्या माणसाला ही शस्त्रक्रिया म्हणजे चरबी काढणे वाटते. चरबीला कोणी हात लावत नाही. हात लावतात तो जठराला. एका प्रकारात जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात. दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करतात आणि ती आतड्याला बरीच खाली नेऊन जोडतात. अन्न मधला रस्ता टाळून जाते. या दुसऱ्या प्रकाराला सगळे ‘बायपास’ म्हणतात आणि त्यातून वेगळाच गोंधळ होतो. सुनंदाबाईंनी गल्लीत ‘बायपास झालं’ एवढेच सांगितले होते. गल्लीने तो हृदयाचा धरला. शेजारणी वर्षभर त्यांना पाण्याची बादली उचलू देत नव्हत्या. "बरंच झालं," त्या मला म्हणाल्या होत्या. "जाडीचं म्हटलं असतं तं हसल्या असत्या. हार्टचं म्हून बादल्या भरून देऊन राहिल्या."

पहिले वर्ष सोपे असते. दर महिन्याला काटा खाली येतो, जुने कपडे अंगावर लोंबू लागतात, नातेवाईक कौतुक करतात. केस गळतात, पण ते परत येतात. माझे काम खऱ्या अर्थाने सुरू होई ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कौतुक संपल्यावर. तोपर्यंत शरीर नव्या वजनाला सरावलेले असते. दोन-चार किलो परत येतात, कधी जास्त. लोंबणारी कातडी जात नाही. थंडी पूर्वीपेक्षा जास्त वाजते. आणि पिशवी लहानच असते. जेवताना पाणी पिता येत नाही, आणि एरवीही ग्लासभर पाणी घटाघट पिता येत नाही. हे पुण्यात एक वेळ चालून जाते. नागपूरच्या मे महिन्यात उन्हातून कोणाच्या घरी गेल्यावर यजमानीण गार पाण्याचा तांब्या पुढे करते, पाहुणा एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवतो, आणि घरात कुजबुज सुरू होते की आपले पाणी यांना चालत नाही की काय. अशा रुसव्यांच्या तक्रारी मी दर उन्हाळ्यात ऐकत असे. फॉर्मवर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.

फोनवर लोक खोटे बोलतात ते बहुधा वजनाबद्दल. एक कंत्राटदार होते. पाचव्या वर्षी त्यांचे बरेच वजन परत आले. त्यानंतर त्यांच्या क्रमांकावर फोन केला की उत्तर येई, "भाऊ बाहेरगावी गेले."

"आपण कोण?"

"मी लहान भाऊ त्याहिचा."

आवाज त्यांचाच होता. फॉर्मवर नोंद होती की भावंडांत फक्त एक बहीण. मी म्हणाले, "बरं, मग भाऊंना निरोप द्या." आणि सगळा निरोप दिला: रात्री भात कमी करा, सकाळी चाला, गोळ्या सोडू नका. पलीकडून विचारणा झाली, "पोळी किती म्हनू त्याले?" तीन वर्षे मी या भावाशी बोलत होते. त्याने एकही निरोप चुकवला नाही.

दुसरे इतवारी बाजारातले भांड्यांचे व्यापारी, गोविंदभाई. त्यांनी स्वतःच्या दुकानातली सर्वांत लहान वाटी निवडून ती जेवणाची केली. लग्नात ते भरलेली प्लेट हातात घेऊन संध्याकाळभर मांडवात फिरत. ज्याच्या हातात प्लेट आहे त्याला कोणी आग्रह करत नाही, हा त्यांचा शोध मी नंतर पुष्कळ रुग्णांना सांगितला. एकदा धनत्रयोदशीला दुकानात गर्दी असताना त्यांनी कोणाच्या तरी हातून संत्रा बर्फीचे दोन तुकडे लागोपाठ खाल्ले. गोड पदार्थ अशा पिशवीतून धाडकन आतड्यात उतरतो. घाम फुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ते पितळी घागरींच्या मागे आडवे झाले. नोकरांना वाटले हार्ट अटॅक. त्यांनी झोपूनच मला फोन लावला, "मॅडम, ये वही है ना जो आपने बताया था?" मी लक्षणे विचारली, डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर घेतले. "तेच आहे, पडून राहा," असे डॉक्टर म्हणाले. पाऊण तासाने गोविंदभाई उठून गल्ल्यावर बसले. त्या दिवसापासून ते दुकानात पाहुण्यांना बर्फी वाटत आणि स्वतः कागद चाटत.

या दोघांची नोंद इथे केली कारण दोघेही पुढे येणार आहेत.

सुनंदाबाईंचे माहेर उमरेडचे, घरात हातमाग. वडिलांनंतर माग बंद झाला. लग्न होऊन त्या नंदनवनात आल्या आणि ब्लाऊज शिवू लागल्या. शस्त्रक्रियेपूर्वी वजन एकशे चौदा किलो, मधुमेहाच्या दिवसाला चार गोळ्या, आणि पायमशीन चालवताना गुडघे दुखत. शस्त्रक्रियेनंतर दीड वर्षात वजन बहात्तरवर आले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. त्यांच्या घरी वजनकाटा नव्हता. फोनवर त्या वजन न सांगता कंबर इंचात सांगत. "काट्याचं काय, थो हलते ताई. टेप खोटं नाई बोलत." त्यांच्यासाठी मी फॉर्मच्या समासात ‘इंच’ असा वेगळा रकाना आखला. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो: ही शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली तर कराल का? त्यांचे उत्तर दर वेळी तेच: "उद्याच्या उद्या."

त्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे प्रश्न विचारले. उलट्या? नाही. चक्कर? नाही. कंबर? साडेचौतीस. गोळ्या घेता ना? "घेतो ना, दर महिन्याले घेतो." शेवटी मी विचारले, आणखी काही?

"काही नाई वं ताई. चप्पल मातर पळून राहिली पायातून." त्या हसल्या.

मी ‘काही नाही’ असे लिहायला सुरुवात केली होती.

"म्हणजे?"

"म्हंजे पडते. मंगळवारी बाजारात पडली. कांदेवाल्यानं हाक मारली म्हून समजलं."

"चप्पल मोठी झाली असेल."

"मलेबी तसंच वाटलं. वजन उतरलं तं पायबी बारीक झाले असन. म्हून मागच्या महिन्यात एक नंबर लहान घेतली. थेबी पडली."

"पडली तेव्हा पायाला जमीन लागली असेल ना? गरम, खडे, काही?"

पलीकडे थोडा वेळ मशीनचा आवाज येत राहिला. मग थांबला.

"नाई," त्या म्हणाल्या. "थे नाई समजलं."

मी त्यांना त्याच दिवशी यायला सांगितले. त्या अकरा दिवसांनी आल्या. लग्नसराई होती आणि सव्वीस ब्लाऊज द्यायचे होते.

तपासणी साधी असते. डॉक्टर कंप पावणारा चिमटा घोट्यावर टेकवतात आणि विचारतात, थरथर जाणवते का. मग डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा धरतात, वर किंवा खाली करतात, आणि विचारतात, कुठे आहे.

"वर," सुनंदाबाई म्हणाल्या. अंगठा खाली होता.

"आता?"

"वर... नाई, खाली." अंगठा वर होता.

"आता?"

"सर, डोळे उघडू द्या ना. पाहून सांगतो."

डॉक्टरांनी आणखी काही विचारले आणि एकेक गोष्ट निघत गेली. अंधारात न्हाणीघरात जाताना त्या भिंत धरत होत्या. बल्ब कमी उजेडाचा आहे असे समजून त्यांनी तो बदलला होता. मशीनला वर्षापूर्वी मोटर बसवली होती. ती काढून टाकली होती, कारण ‘मोटर ऐकत नाई’. पाय उचलला असे त्यांना वाटे, प्रत्यक्षात पाय दाबलेलाच असे, आणि सुई पुढे धावे. एकदा ती तर्जनीतून गेली. मोटरवाल्याशी त्यांचे भांडण झाले होते. आता त्या पुन्हा पायमशीन चालवत होत्या, पण पायाकडे पाहत. पायाकडे पाहिले की शिवण वाकडी जाते. दोन गिऱ्हाइके त्या महिन्यात दुसरीकडे गेली होती.

रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व जवळजवळ नव्हते.

त्याचे कारण सरळ आहे. हे जीवनसत्त्व अन्नातून वेगळे करून शोषून घेण्याचे काम ज्या वाटेवर होते ती वाट बायपासमध्ये टाळलेली असते. त्यामुळे ते बाहेरून, गोळीतून किंवा इंजेक्शनातून, जन्मभर घ्यावे लागते. नाही घेतले तर लगेच काही होत नाही. यकृतात साठा असतो आणि तो काही वर्षे पुरतो. तो संपला की नसांचे वरचे आवरण झिजू लागते, पायांपासून. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले: इंजेक्शने आजपासून सुरू. गेल्या काही महिन्यांत जे गेले असेल ते परत येईल. त्याहून जुने जे गेले असेल त्याची खात्री नाही.

"मशीन चालवता येईन ना सर?"

"सहा महिन्यांनी सांगता येईल."

"आनि नाई आलं तं?"

"तर जेवढे गेले आहे तेवढ्यावर ते थांबेल. पुढे जाणार नाही."

सुनंदाबाई पायाकडे पाहत होत्या.

माझ्यापुढे त्यांचा फॉर्म होता. सात वर्षांत मी त्यांना सोळा वेळा गोळ्यांबद्दल विचारले होते आणि सोळा वेळा ‘होय’ लिहिले होते. रक्ततपासणी चौथ्या वर्षापासून झालेली नव्हती. दर वेळी कारण होते: लग्ने, गणपती, दिवाळी. टेलरला मोकळा महिना नसतो. नियमाप्रमाणे मी आठवण देई आणि रकान्यात ‘कळवले’ असे लिहून पुढचा फोन लावत असे.

डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या दिवशी घरातली सगळी औषधे घेऊन यायला सांगितले. त्या बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात एरवी हूक आणि गुंड्या ठेवत असाव्यात, कारण तळाशी काही खळखळत होते. डबा काठोकाठ गोळ्यांच्या पाकिटांनी भरलेला होता. एकही पाकीट फोडलेले नव्हते. वर्षावर्षाचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधलेला होता. लाल, निळा, पिवळा, हिरवा, जांभळा. पाच वर्षे.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घेतल्याच नाहीत."

"घेतल्या ना सर! ह्या काय मंग? सगळ्या घेतल्या."

"अहो, खाल्ल्या का?"

"खाऊ कशाले?" सुनंदाबाईंना प्रश्नच कळला नव्हता. "ताकदीच्या गोळ्या हायेत ह्या. पयले दोन वर्सं खाल्ल्या. पोरगी कुटून देत जाय. मंग कंबर तेहतीसाची पस्तीस झाली. म्या म्हटलं, हे कशानं वाढलं? जेवन तं वाटीभर. तवा ध्यानात आलं. माह्या नंदेची पोरगी सुकली होती, तिले डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या देल्या, सा महिन्यात गाल आले तिचे. सुकलेल्या मानसाले देते ताकदीची गोळी. माहं पोट कापून तं जाडी कमी केली, आनि वरून ताकदीची गोळी खाऊ? बंद केल्या. कंबर थांबली साडेचौतीसवर. पाहा तुमी फारमात."

मी फॉर्म पाहिला. कंबर साडेचौतीसवर थांबली होती. तिसऱ्या वर्षी बहुतेकांचे वजन थोडे वाढून स्थिर होते, गोळ्या खा किंवा न खा. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

"मग विकत काहून घेत होत्या?" मी विचारले.

त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी फोनवर इचारता ना ताई, गोळ्या घेता का म्हून. घेत नाई म्हटलं तं तुमाले वाईट वाटन. आनि घेतो म्हटलं न घेतल्या नाई, तं खोटं झालं. म्हून घेतल्या. खोटं काहून बोलू तुमच्याशी?"

‘ताकदीच्या गोळ्या’ हा शब्द मी आणला होता.

रुग्णालयात आले तेव्हा घरी जाणाऱ्या रुग्णाला जो कागद देत त्यावर मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, लोह, बी-१२, ‘आजीवन पूरक मात्रा अनिवार्य’ असे छापलेले असे. तो कागद कोणाला कळत नव्हता. डेस्कवर एकोणीस वर्षे आम्ही हेच करत आलो होतो: सरकारी परिपत्रकातले ‘अनिवार्य’ काढायचे आणि गल्लीतला शब्द घालायचा. मी तो कागद नव्याने लिहिला. गोळ्यांच्या ओळीत लिहिले: ‘ताकदीच्या गोळ्या रोज घ्या. जन्मभर.’ पाच शब्द. डॉक्टरांना आवडले. पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत छापले. एका परिषदेत तो कागद नमुना म्हणून दाखवला गेला तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला बरे वाटले होते.

पाच शब्दांत दोन चुका होत्या. ‘ताकदीची गोळी’ म्हणजे आपल्याकडे अंग धरायला द्यायची गोळी. नागपुरात वाढलेल्या मला हे माहीत असायला हवे होते. माझ्या आईने दहावीत मला त्याच कारणासाठी त्या खाऊ घातल्या होत्या. आणि ‘घ्या’ म्हणजे गिळाही होते आणि दुकानातून आणाही होते. फोनवरचा माझा प्रश्न त्याच क्रियापदावर उभा होता.

मी सुनंदाबाईंना सांगितले, "तो पिवळा कागद मी लिहिला होता."

त्यांनी डब्याचे झाकण लावले. "चांगला लिवला होता ताई. डॉक्टरचे कागद मले कधी समजले नाई. थो पयल्यांदा पूर्न समजला."

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर बारीक टायपात दुरुस्ती छापतात. चूक ज्यांनी वाचली ते दुरुस्ती वाचतात की नाही याची कोणी चौकशी करत नाही. इथे ती सोय नव्हती. पिवळा कागद ज्यांना ज्यांना दिला त्या सगळ्यांची यादी माझ्याकडे होती. मी पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न बदलला: काल गोळी खाल्ली का? कोणती? किती वाजता? पाकीट हातात घ्या. त्यात किती उरल्या आहेत मोजून सांगा. हे काम सात आठवडे चालले.

बहुतेक जण खात होते. सगळे नाही. गोविंदभाईंनी मोकळेपणाने सांगितले, "मैं नहीं लेता मॅडम. सून को देता हूँ. सूख गई है बिचारी." सून बारीक होती, सासऱ्यांचे पोट कापलेले होते, ताकदीची गोळी कोणाला द्यायची हे त्यांना स्वच्छ दिसत होते. त्यांना त्याच आठवड्यात बोलावले. बी-१२ कमी निघाले, पाय मात्र ठीक होते. त्यांची तपासणी वेळेत झाली.

कंत्राटदारांना फोन लावला तेव्हा ‘लहान भाऊ’च आले. मी म्हणाले, "भाऊंना विचारून सांगा, काल गोळी खाल्ली का."



"खाल्ली मॅडम," ते म्हणाले. "मीच हाव. वजन नाई सांभाळता आलं. गोळी मातर एक दिवस नाई सोडली. तेवढं एक तरी पाळावं म्हून." मी त्यांना पाकीट मोजायला सांगितले. त्यांनी मोजले. हिशेब बरोबर लागला.

नव्या कागदासाठी मी सुनंदाबाईंनाच विचारले, काय लिहिले असते तर तुम्ही गोळी खाल्ली असती? तेव्हा त्यांची इंजेक्शने रोजची संपून आठवड्याची सुरू झाली होती. कमरेत घ्यायचे इंजेक्शन दंडात द्या, असा त्यांचा नर्सशी वाद चालू होता.

"बॉबिन पाह्यली का तुमी?" त्या म्हणाल्या. "मशीनच्या खाली राह्यते. थिच्यातला धागा सरला तरी मशीन चालूनच राह्यते. वरून शिवन दिसते. कपडा उचलला का सुटते. असं काही लिवा."

"ते सगळ्यांना नाही कळणार."

"टेलरलेच कळन," त्यांनी कबूल केले. "मंग असं लिवा, हिच्यानं जाडी वाढत नाई. मले एवढंच कोनी सांगितलं असतं..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. नर्सने सुई टोचली होती. "हळू वं माय, कापड नोहे मी!"

नवा कागद पांढरा आहे. त्यावर लिहिले आहे: ‘नसांच्या गोळ्या. यांनी वजन वाढत नाही. रोज खा. जन्मभर.’ छापण्यापूर्वी तो डॉक्टरांना दाखवला, नर्सला दाखवला, आणि ओपीडीत बसलेल्या सहा रुग्णांकडून मोठ्याने वाचून घेऊन प्रत्येकाला विचारले, तुम्ही यावरून काय कराल? सहापैकी एकाने विचारले, जेवणाआधी की नंतर? तेही घातले. डेस्कवर असताना मी असे कधी केले नव्हते. तिथे वाचक समोर बसलेला नसे.

इंजेक्शने सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात सुनंदाबाई आल्या तेव्हा दोन्ही चपलांना मागून पट्टे होते. पिशवीला लावतात तसल्या जाड पट्टीचे, काळ्या दोऱ्याने दुहेरी टाका घालून शिवलेले. "आता पळून दाखव म्हना," त्या म्हणाल्या. पायांतल्या मुंग्या वाढल्या होत्या. रात्री पाय जळत होते. डॉक्टर म्हणाले की नसा जाग्या होताना असे होऊ शकते, न होताही होऊ शकते. मशीनचे काम त्यांनी थांबवले होते. हूक, काजे, साडीचे फॉल, हाताने होईल तेवढे काम घेत होत्या. पायमशीनवर चादर टाकलेली होती.

सहा महिने झाले तेव्हा उजव्या घोट्यावर थरथर जाणवली. डाव्या घोट्यावर जाणवली नाही. त्या दिवशी फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न मी विचारायचा टाळला. त्यांनीच आठवण दिली.

"थो इचारा ना. पुन्हा करान का म्हून."

"कराल का?"

त्यांनी विचार केला. आधीच्या सोळा वेळा त्यांनी तो केला नव्हता. "करीन," त्या म्हणाल्या. "पन कागद वाचून घेईन. तुमच्याच तोंडून."

मी ते जसेच्या तसे लिहिले.

माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता तेव्हा, चप्पल पडल्यानंतर चौदा महिन्यांनी, सुनंदाबाई महिन्याच्या इंजेक्शनसाठी आल्या. मंगळवार होता. त्या दिवसाची नोंद अशी: वजन त्र्याहत्तर. कंबर पस्तीस. बी-१२ योग्य मर्यादेत. डोळे मिटून उजव्या अंगठ्याची जागा तीनपैकी तीनदा बरोबर सांगितली, डाव्याची तीनपैकी एकदा. मशीनला मोटर पुन्हा बसवली आहे, पायडल उजव्या पायाखाली घेतले आहे. त्या आठवड्यात चार ब्लाऊज शिवले. काल रात्री साडेनऊला गोळी खाल्ली. पाकिटात बावीस शिल्लक.

बाहेर बाकावर बसून त्यांनी चपला घातल्या. डाव्या चपलेला मागचा पट्टा होता. उजव्या चपलेचा पट्टा उसवून काढलेला होता, आणि टाक्यांची भोके तेवढी दिसत होती.